माळ्यावरच्या तबकड्या भंगारात घालू नका

रेकॉर्ड जमवण्याचा छंद म्हटला की आपल्या माणसाला तो बंगलेवाल्यांचा शौक वाटतो. तसे वाटणे साहजिक आहे. मोठ्या शहरांत असे शौकीन आहेत की त्यांचे तबकडी फिरवण्याचे नुसते यंत्र आपल्या वर्षभराच्या पगाराएवढ्या किमतीचे असते. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे, आणि ते जोडणाऱ्या वायरीवरही हजारो रुपये घालणारे महाभाग आहेत. त्यांचा पैसा, त्यांची हौस. परंतु या छंदाची एक बाजू आपल्या वस्तीशी, आपल्या घराशी संबंधित आहे. ती मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कॅसेट घरोघर पोचण्यापूर्वी जयंतीच्या मांडवात गाणे वाजायचे ते तबकडीवर. लाऊडस्पीकरवाला भोंगा, बॅटरी आणि रेकॉर्डची पेटी घेऊन यायचा. ढोकी, तेर, कळंब या आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती पेटी त्यांना आठवेल. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटच्या आधी तबकडीवर उमटले. आज हे दोघेही आपल्यात नाहीत. प्रल्हाददादा २००४ साली गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले.

गाणी तर मोबाईलवर मिळतात, मग त्या जुन्या चकत्या कशाला, असे तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर आहे. त्यावर कंपनी, क्रमांक, गायक आणि बहुतेक वेळा गीतकार व संगीतकार यांची नावे छापलेली असतात. कॅसेटवरून कॅसेट उतरवली गेली तेव्हा हा कागद मागे राहिला. मोबाईलवर तर गाण्याचा तुकडाच फिरतो. वामनदादा कर्डक यांचेच बघा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली. त्यांच्या बऱ्याच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले असते. तीस सेकंदांच्या तुकड्यात ते कडवे येतच नाही. गाणे सर्वांच्या तोंडी राहते आणि कवी बिननावाचा होतो. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्याने आपल्या कवीचे नाव असे हरवू द्यावे काय?

नावाचे महत्त्व पहिल्या कलावंतांनाच कळले होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग या इंग्रजी कंपनीच्या माणसाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळी तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कोणाचा आवाज आहे हे तिथल्या कामगारांना कळावे म्हणून या बाई गाणे संपताच स्वतःचे नाव पुकारत. पुढे १९२८ साली कलकत्त्याजवळ डमडमला मोठा कारखाना उभा राहिला आणि आपल्याकडच्या तबकड्या तिथे निघू लागल्या.

घरात तबकडी असेल तर ती कोणती हे आधी ओळखा. जड, काळी आणि पडली की काचेसारखी फुटणारी ती ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती लाखेची असते. तिच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात, म्हणून जुनी गाणी इतकी आटोपशीर. दुसरी हलकी, थोडी वाकणारी, प्लास्टिकची. मोठ्या आकाराची असेल तर ती १९४८ साली अमेरिकेत आलेली एल.पी. तिच्या एका बाजूला वीस मिनिटे वाजते.

सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसू नका, खाच विरघळेल. प्लास्टिकची तबकडी उन्हाने वाकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. त्या खाली आणा. ताटांसारख्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

चावीच्या ग्रामोफोनवर एल.पी. कधीही लावू नये. त्याच्या पोलादी सुईचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे असतो, एल.पी.ला दोनेक ग्रॅम पुरतात. एकदाच वाजवले तरी खाच खरवडली जाते. सुईही वेगळी लागते. ७८ च्या सुईचे टोक एल.पी.च्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते. म्हणून माझे मत असे की चार पैसे खर्चायचेच तर आधी चांगल्या सुईवर खर्चावेत. खराब सुई तबकडी खाते, खराब स्पीकर फक्त कान खातो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला 'फोनो' लिहिलेली जागा असेल तर ती यासाठीच आहे. टेपच्या जागी जोडले तर आवाज बहुधा बारीक आणि पोकळ येतो. एकदा नीट जुळले की तिथूनच मोबाईलमध्ये किंवा संगणकात गाणे उतरवून घेता येते.

हे काम करायला पदवी लागत नाही. शेजारच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी वर्षानुवर्षे घरात जमवली. आज तिथे त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आहे. तबकड्यांसाठीही मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या मानद सचिवपदाची धुरा दीर्घकाळ वाहिली. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचे संग्राहक पुष्कळ आहेत. भीमगीतांच्या तबकड्या आपणच सांभाळायला हव्यात.

त्यासाठी शंभर पानी वही पुरेल. प्रत्येक तबकडीला एक पान द्यावे. कागदावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा, आतल्या कडेला कोरलेला बारीक क्रमांकही सोडू नये. ती कोणत्या घरातून आली, कोणत्या जयंतीत वाजली, हे आजी-आजोबांना विचारून खाली लिहावे. शाळेत जाणारी मुलगी हे काम आपल्यापेक्षा सुबक करील. गीतकाराचे नाव छापलेले नसेल तर ती ओळ कोरी ठेवा, अंदाजाने कोणाचेही नाव भरू नका.