पोलिसांनाही विसरावं लागतं

सरकारी कागद एकदा झाला की झाला. त्याला वाळवी लागेल, तो पावसात भिजेल, पण सरकार आपणहून तो नष्ट करणार नाही, अशी आपली पक्की समजूत. गंमत म्हणजे, एक कायदा नेमकं तेच करायला सांगतो.

समजा, घाटकोपरच्या बाजारात सोळा वर्षांचा पोरगा मोबाइल चोरताना सापडला. साधी चोरी, सोबत कुणी सज्ञान नाही. अशा वेळी एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि एक अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो: घरी कोण, शाळा का सुटली, संगत कुणाची. बेडी नाही, लॉकअप नाही. त्याच्याशी बोलणारा पोलीसही साध्या कपड्यात.

खरा अचंबा पुढेच आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४नुसार, गुन्हा सिद्ध झाला तरी त्यातून येणारी कुठलीही अपात्रता या मुलाला चिकटत नाही. नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपायच्या, मग नष्ट करायच्या. पुढे तोच पोरगा अंधेरीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करतो, पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात येतो. समोरच्या हवालदाराला जुनं प्रकरण आठवत असेलही. पण चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद उघड करायला कलम ७४ त्याला मनाई करतं.

सज्ञानाला ही सवलत नाही. २०२२च्या कायद्याने बोटांचे ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं जपली जातात. शिक्षा भोगून झाल्यावर नोंद पुसून देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. गुन्हा घडला त्या दिवशी अठरा पूर्ण झाली होती की नव्हती, एवढ्यावर सगळं फिरतं. अपवाद एकच: सोळा ओलांडलेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी सज्ञानासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला, तर नोंद राहते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या उमेदवाराची नेमणूक अल्पवयातल्या खटल्यावरून अडली, तेव्हा २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच बाजूने निकाल दिला.

तेव्हा ‘पोराचं आयुष्य संपलं’ म्हणून कपाळाला हात लावू नका. विधी सेवा प्राधिकरण गाठा. अठराच्या आतल्या मुलाला तिथे वकील फुकट मिळतो, आईबापांचं उत्पन्न कितीही असो.