सरळ नांगराकडून वळणदार नांगराकडे

कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दींत, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं इ. स. १९१० मध्यें बेळगांवाहून आपला कारखाना आणला. लोखंडी नांगर त्यापूर्वींच, १९०३ मध्यें, तयार झाला होता. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीमुळें गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षें लागलीं.

लाकडी नांगराचा फाळ सरळ. तो जमीन चिरतो व माती दोन्ही अंगांस ढकलतो. दोन तासांमध्यें न नांगरलेली पट्टी शिल्लक राहते, म्हणून पुन्हां आडवी नांगरट करावी लागते. लोखंडी नांगराच्या फाळामागें वळणदार पत्रा असतो. फाळानें कापलेली ढेप त्या वळणावरून चढते व उलथी पडते. हरळीच्या मुळ्या उन्हांत येऊन वाळतात. हलक्या, उथळ जमिनींत मात्र अशी खोल उलथणी ओल घालविते. तेथें लाकडी नांगरच बरा.

खरी अडचण हाताच्या संवयीची होती. जुन्या नांगराची खोली राखावयाची ती रुमण्यावर भार देऊन. नव्याच्या मुठी दाबाव्या, तर फाळाचें टोंक उलट वर येतें! त्याची खोली ठरते ती पुढची जोडणी वर-खालीं करून. बापानें शिकविलेलें येथें विसरावयाचें होतें. शिवाय लाकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी फाळ झिजला कीं नव्यासाठीं रोख पैसे मोजावे लागत, आणि सुताराचें तेवढें काम जाई.