दुर्बल घटकांशी ऐक्यभाव आणि सामुदायिक कृती : पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेचे एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता आणि न्याय यांच्याबरोबर बंधुता हे मूल्य नमूद केलेले आहे. पहिल्या तीन मूल्यांसाठी कायदे, न्यायालये व प्रशासन यांची चौकट उभी राहिली. बंधुता मात्र केवळ कायद्याने निर्माण होत नाही. ती समाजाच्या दैनंदिन व्यवहारातून घडावी लागते. समाजातील दुर्बल घटकांविषयी बोलताना 'सहानुभूती', 'मदत', 'सेवा' असे शब्द सर्रास वापरले जातात. या शब्दांत देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर गृहीत धरलेले असते. 'ऐक्यभाव' ही संकल्पना त्याहून वेगळी आहे. दुर्बल घटकाचा प्रश्न हा संपूर्ण समाजाचा प्रश्न आहे आणि त्याच्या सोडवणुकीत त्या घटकाचे स्वतःचे स्थान केंद्रवर्ती असले पाहिजे, अशी तिची धारणा आहे.

ही धारणा प्रत्यक्षात कशी उतरते, हे पाहण्यासाठी पुणे शहरातील कचरावेचकांच्या संघटनेचे उदाहरण उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या संघटनेची पार्श्वभूमी, तिची कार्यपद्धती, तिने मिळविलेले हक्क आणि तिच्यासमोरील मर्यादा यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

कचरावेचक : सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमी

शहरातील कचराकुंड्या, रस्ते आणि कचरा डेपो यांतून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक इत्यादी विक्रीयोग्य वस्तू वेचून त्यांवर उपजीविका करणारा वर्ग म्हणजे कचरावेचक होय. पुण्यातील या वर्गात स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया मातंग, नवबौद्ध अशा अनुसूचित जातींतील आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा व आसपासच्या भागांतून जी कुटुंबे पोट भरण्यासाठी शहरात आली, त्यांपैकी अनेक कुटुंबांतील स्त्रियांना हेच काम उपलब्ध झाले. शेतमजुरी गेली, शिक्षण नाही, भांडवल नाही आणि घरकामासाठी दार उघडताना जात आडवी येते, अशा परिस्थितीत उकिरड्यावरचे काम कोणाची परवानगी न घेता करता येत होते.

या व्यवसायाची आर्थिक रचना समजून घेणे आवश्यक आहे. कचरावेचक स्त्री दिवसभर वेचलेला माल निवडून किरकोळ भंगार व्यापाऱ्याला विकते. तेथून तो माल घाऊक व्यापाऱ्याकडे आणि पुढे पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. या साखळीत सर्वाधिक श्रम आणि सर्वाधिक धोका पहिल्या पायरीवर असतो, आणि सर्वांत कमी मोबदलाही तेथेच मिळतो. भाव ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडे असतो. आजारपणात त्याच्याकडूनच उचल घ्यावी लागत असल्यामुळे माल दुसरीकडे नेण्याचे स्वातंत्र्यही राहत नाही. शिवाय पोलिसांचा चोरीचा संशय, नागरिकांची हेटाळणी, कुत्र्यांचे चावे, काचेच्या जखमा आणि त्वचेचे व श्वसनाचे विकार हे या कामाचे नित्याचे भाग होते. कचरावेचक शहर स्वच्छ करीत होते, पण शहराच्या लेखी ते कामगार नव्हते.

संघटनेचा उदय

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाचे काम सुरू केले. या कामात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा पुढाकार होता. मुलांना शिकवावयाचे असेल तर त्यांच्या आयांच्या कामाचा प्रश्न टाळता येणार नाही, हे थोड्याच काळात स्पष्ट झाले. घरातच कचऱ्याचे वर्गीकरण झाले, तर या स्त्रियांना कुंडीत न उतरता स्वच्छ व अधिक किमतीचा माल मिळू शकतो, असा विचार त्यातून पुढे आला आणि काही वस्त्यांमध्ये तसा प्रयोग करण्यात आला.

हा प्रयोग चालू असतानाच एका व्यावसायिकाने त्याच भागात वाहनाद्वारे कचरा गोळा करण्यास सुरुवात केली. स्त्रियांच्या हातातील काम जाण्याची वेळ आली. त्यांनी संघटितपणे विरोध केला. एका वस्तीतील प्रश्न उद्या सर्व शहराचा होईल, ही जाणीव या घटनेने निर्माण झाली. हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि तीतून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना अस्तित्वात आली.

येथे हमाल पंचायतीच्या वारशाचा उल्लेख आवश्यक ठरतो. असंघटित मानल्या गेलेल्या हमालांनी संघटना बांधली. त्यांच्या व इतर श्रमिकांच्या चळवळींतून राज्यात १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा झाला. ज्यांचा मालक निश्चित नाही, त्यांनाही कामगार म्हणून हक्क मागता येतात, हे या परंपरेने सिद्ध केले होते. एका कष्टकरी वर्गाचा अनुभव दुसऱ्या, त्याहून दुर्बल वर्गाच्या उपयोगी पडला. ऐक्यभावाचे हे पहिले आणि महत्त्वाचे रूप म्हणावे लागेल.

ओळख, मोजमाप आणि हक्क

संघटनेने प्रथम ओळखीचा प्रश्न हाती घेतला. संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना १९९५-९६ मध्ये पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. वरवर पाहता हा एक साधा कागद होता. परंतु रस्त्यावर अडविणाऱ्या पोलिसाला किंवा सोसायटीच्या रखवालदाराला दाखविता येईल असा तो पुरावा होता. 'चोर' या संशयापासून 'कामगार' या ओळखीपर्यंतचा प्रवास या ओळखपत्राने सुरू झाला.

दुसरी पायरी श्रमाच्या मोजमापाची होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात पुण्यातील कचरावेचकांच्या कामाचे आर्थिक मूल्य मांडण्यात आले. त्यांनी वेचलेला माल महानगरपालिकेला वाहून न्यावा लागत नसल्याने वर्षाला दीड कोटी रुपयांहून अधिक वाहतूक खर्च वाचत होता. प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपये किमतीचे श्रम महानगरपालिकेला विनामोबदला देत होती, असेही त्यात दाखविण्यात आले. या मांडणीने प्रश्नाची दिशा बदलली. आतापर्यंत 'या गरीब स्त्रियांसाठी काय करता येईल' असा विचार होत होता. आता 'या स्त्रियांचे शहरावर किती देणे आहे' असा प्रश्न विचारता येऊ लागला. २००२-०३ मध्ये महानगरपालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली, ती याच भूमिकेतून. हा विमा उपकार म्हणून मागितलेला नव्हता. तो केलेल्या कामाचा अंशतः मोबदला होता.

याशिवाय सभासदांची पतसंस्था, संघटनेचे भंगार दुकान, मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य असे उपक्रम उभे राहिले. पतसंस्थेमुळे सावकार व व्यापारी यांच्यावरील अवलंबित्व कमी झाले. भंगार दुकानामुळे वजन आणि भाव यांतील फसवणुकीला पर्याय निर्माण झाला.

'स्वच्छ' सहकारी संस्थेचा प्रयोग

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने २००० मध्ये नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम अधिसूचित केले. घरोघरी कचरासंकलन आणि वर्गीकरण यांवर त्यांत भर होता. पर्यावरणाच्या दृष्टीने ही स्वागतार्ह गोष्ट होती. कचरावेचकांच्या दृष्टीने मात्र तीत मोठा धोका दडलेला होता. कुंड्या हटल्या आणि घरोघरचे संकलन खाजगी कंत्राटदारांच्या घंटागाड्यांकडे गेले, तर हजारो स्त्रियांचा कच्चा मालच नाहीसा होणार होता. चांगल्या हेतूने केलेले धोरणही दुर्बलांना विस्थापित करू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

संघटनेने धोरणाला नुसता विरोध केला नाही. घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम कचरावेचकांनाच द्यावे, असा पर्याय तिने मांडला आणि प्रायोगिक स्वरूपात तो करून दाखविला. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

या व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. दोन सभासद मिळून ठरावीक घरांतून रोज ओला व सुका कचरा वेगवेगळा गोळा करतात. प्रत्येक कुटुंब त्यांना दरमहा अल्प सेवाशुल्क देते. सुक्या कचऱ्यातील विक्रीयोग्य मालावर सभासदांचा हक्क राहतो. उरलेला कचरा महानगरपालिकेच्या वाहनांकडे सोपविला जातो. महानगरपालिका साधनसामग्री आणि व्यवस्थापनाचा खर्च यांसाठी साहाय्य करते. त्यामुळे कचरावेचक स्त्रीला शुल्क व मालविक्री असे दोन स्रोत मिळाले, कामाचे तास निश्चित झाले आणि कुंडीत उतरण्याची गरज कमी झाली. शहरालाही लाभ झाला. जेवढा माल उगमापाशी वेगळा होतो, तेवढा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या वाट्याला येणारा कचरा घटतो. शहराचा कचरा सोसणारी ही गावे हाही एक दुर्बल घटकच आहे, हे विसरता येणार नाही.

नागरिकांचा सहभाग

या व्यवस्थेचे यश केवळ करारावर अवलंबून नाही. ते दररोज सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या नागरिकाच्या वर्तनावर अवलंबून आहे. कचरा वेगळा न करता दिलेली एक बादली म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या हातांना दिलेली अर्धा तासाची घाण होय. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर उघडे टाकले जातात आणि कचरावेचक स्त्रियांना ते हातांनी वेगळे करावे लागतात. याविरुद्ध 'लाल ठिपका' मोहीम राबविण्यात आली. असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच तिची मागणी होती. तीत पैशांचा प्रश्न नव्हता. समोरच्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेची आठवण ठेवण्याचा प्रश्न होता. २०२० च्या टाळेबंदीत बहुतेक शहर घरात बसले असतानाही हे काम चालू राहिले. त्या काळात या श्रमाची आवश्यकता अनेकांना प्रथमच जाणवली.

मर्यादा व आव्हाने

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

पहिली मर्यादा उत्पन्नाच्या अनिश्चिततेची आहे. सेवाशुल्क न देणाऱ्या कुटुंबाकडून ते वसूल करण्याची जबाबदारी प्रत्यक्षात त्या स्त्रीवरच येते. भंगाराचे भाव कोसळले की तिचे उत्पन्नही कोसळते. सार्वजनिक सेवेचा आर्थिक धोका सर्वांत दुर्बल व्यक्तीने पत्करावा काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

दुसरी मर्यादा धोरणात्मक अस्थैर्याची आहे. २०१३ मध्ये पहिला करार संपल्यानंतर दुसरा करार २०१६ मध्ये झाला आणि त्याची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. प्रत्येक टप्प्यावर खाजगी कंत्राटदारांचा पर्याय पुढे आला आणि सभासदांना मोर्चे, निवेदने व नागरिकांचा पाठिंबा यांच्या बळावर आपले काम टिकवावे लागले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना घरोघरच्या संकलनात सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. तथापि, नियमातील तरतूद आणि पालिकेतील निर्णय यांत अंतर राहू शकते, हे या अनुभवावरून दिसून येते.

तिसरी मर्यादा सर्वांत खोल आहे. काम सन्मानाचे झाले तरी ते कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हे फारसे बदललेले नाही. आजही या कामात दलित स्त्रियाच बहुसंख्य आहेत. म्हणून कचरावेचकांच्या पुढील पिढीला दुसरे काम निवडण्याचे खरे स्वातंत्र्य मिळते काय, ही या प्रयोगाची अंतिम कसोटी ठरते. मुलांच्या शिक्षणासाठीचे प्रयत्न त्या दृष्टीने दुय्यम नसून मूलभूत आहेत. संघटनेची सुरुवात वर्गातून झाली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. दुर्बल घटकांशी ऐक्यभाव म्हणजे त्यांच्या वतीने बोलणे नव्हे. त्यांना स्वतः बोलता येईल अशी संघटना उभी राहण्यास साथ देणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. विद्यापीठाने ज्ञान दिले, हमालांच्या चळवळीने अनुभव दिला आणि अनेक नागरिकांनी सहकार्य दिले. निर्णय मात्र कचरावेचक स्त्रियांच्या हाती राहिला, म्हणूनच ही कृती टिकली. दुसरे असे की, श्रमाचे मूल्य मोजून दाखविल्यावर दयेची भाषा मागे पडते आणि हक्काची भाषा पुढे येते. तिसरे असे की, शहरी सुधारणेच्या प्रत्येक योजनेत तिच्यामुळे कोणाची उपजीविका जाणार आहे, हा प्रश्न आरंभीच विचारला गेला पाहिजे.

महाराष्ट्रातील अन्य शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही कचरा वेचणाऱ्या स्त्रिया आहेत. अनेक ठिकाणी त्यांची नोंदही झालेली नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आपापल्या गावातील कचरावेचकांची नोंदणी, त्यांच्या श्रमाचे मोजमाप आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण ही तीन कामे हाती घेतली, तर एक विश्वसनीय सुरुवात होऊ शकेल. बंधुता हे मूल्य संविधानाच्या पानावरून घराच्या दारापर्यंत आणण्याचा तो एक व्यवहार्य मार्ग ठरेल.