कुंपणाआधी घड्याळ

कोकणातल्या एमआयडीसीतला एखादा रासायनिक कारखाना डोळ्यांसमोर आणा. मागे डोंगरउतार, कोपऱ्यातून बाहेर पडणारा नाला, भोवती तारेची जाळी. चोर आत शिरताच कळायला हवं, म्हणून बहुतेक ठिकाणी आधी सेन्सरची कोटेशनं मागवतात. इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

आधी वेळ मोजायची. समजा, जाळी चढायला १० सेकंद, गोदामापर्यंत धावायला ४० सेकंद, कुलूप तोडायला २ मिनिटं. सगळी मिळून तीन मिनिटंही होत नाहीत. अलार्म वाजल्यावर कॅमेऱ्यात खात्री करून रक्षक तिथे पाच मिनिटांनी पोचणार असेल, तर महागातला सेन्सरही चोरीची बातमी देण्यापुरताच. मग गोदामाचं दार भक्कम करा, नाहीतर रक्षकाला जवळ आणा. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: अडथळ्याची वेळ अलार्म वाजल्यानंतरच धरायची. सेन्सरच्या बाहेर दहा फुटी भिंत असली, तरी ती ओलांडायला लागलेला वेळ रक्षकाच्या कामाचा नाही.

आता उपकरणं. जाळीला ऑप्टिकल फायबर बांधतात आणि त्यातून प्रकाशाचे स्पंद सोडतात. जाळी हलली की परत येणारा प्रकाश बदलतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; म्हणजे ५०० मीटरवरून तो ५ मायक्रोसेकंदांत परततो, आणि त्यावरून जागा कळते. कुंपणावरच्या फायबरमध्ये वीज नसते, ही ज्वालाग्राही वाफांच्या परिसरात मोठीच सोय. मात्र जाळी ताणलेली हवी. सैल जाळी वाऱ्यानेही खडखडते, आणि पावसाळ्यात तिच्यावर वेली चढतात त्या वेगळ्याच.

मायक्रोवेव्ह पाठवणाऱ्या आणि टिपणाऱ्या उपकरणांच्या जोडीला सपाट, मोकळी जमीन लागते. खड्डा असला की माणूस खालून सरपटत जातो. वाढलेलं गवत आणि वाहतं पाणी उगाच अलार्म देतात. उतारावर मी तरी ती लावणार नाही. इन्फ्रारेड किरणांना दाट धुकं नि मुसळधार पाऊस अडवतात. नाल्याला गज आणि स्वतंत्र सेन्सर हवाच.

खरी डोकेदुखी वानरांची नि कुत्र्यांची. रात्रभर खोटे अलार्म वाजले की कंट्रोल रूममधला माणूस आवाज बंद करून टाकतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? यावर उपाय म्हणून दोन वेगळे सेन्सर लावून 'दोन्ही वाजले तरच अलार्म' असं ठरवतात. खोटे अलार्म घटतात, पण किंमत मोजावी लागते. प्रत्येक सेन्सर शंभरातल्या ९० घुसखोऱ्या स्वतंत्रपणे पकडत असेल, तर दोघे मिळून ८१च पकडतात. म्हणून मोक्याच्या जागी कुठलाही एक वाजला तरी अलार्म ठेवावा आणि खरंखोटं थर्मल कॅमेऱ्यावर पाहावं.

चाचणी जुलैतल्या रात्री, भर पावसात घ्यावी: प्रत्येक टप्प्यावर एकाने चढायचं, एकाने सरपटायचं, एकाने शिडी लावायची. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवायचा, तसं करारातच लिहून घ्यावं.