अमेरिकेंतील आणीबाणी आणि तिची मुदतवाढ

घराला आग लागली असतां शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी न विचारतां उपसण्यास कोणी हरकत घेत नाहीं. परंतु आग विझल्यावरहि तोच हक्क वर्षानुवर्षें चालू राहिला, तर त्यास काय म्हणावें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. इराणच्या संबंधांत १४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेथें पुकारलेली राष्ट्रीय आणीबाणी दरवर्षीं नव्यानें वाढविली जात आली असून, २०२४ सालीं तिला पंचेचाळीस वर्षें पूर्ण झालीं.

तिचें मूळ सर्वश्रुत आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरान येथील अमेरिकन वकिलात जमावानें ताब्यांत घेतली. दहा दिवसांनीं अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं आणीबाणी जाहीर करून अमेरिकेच्या हुकमतींतील इराण सरकारची मालमत्ता गोठविली. १९ जानेवारी १९८१ रोजीं अल्जियर्सचा करार झाला व दुसऱ्याच दिवशीं ५२ ओलीस ४४४ दिवसांच्या बंदिवासांतून सुटले. तरीहि आणीबाणी उठली नाहीं. इराणशीं संबंध पूर्ववत् झालेले नाहींत आणि त्या कराराची अंमलबजावणी अजून चालू आहे, हें कारण प्रतिवर्षीं देण्यांत येतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आणीबाणी म्हटली कीं भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढें वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि विनाचौकशी अटक उभी राहते. अमेरिकेंतील ही आणीबाणी तशी नव्हे. ती एक किल्ली आहे. परदेशांतून उद्भवलेला 'असामान्य आणि विलक्षण धोका' असल्याचें अध्यक्षानें जाहीर केलें, म्हणजे १९७७ च्या कायद्याचें कुलूप उघडतें. मग परकीय मालमत्ता गोठविणें, बँकांचे व्यवहार रोखणें, व्यापारास बंदी घालणें हे अधिकार त्याच्या हातीं येतात. किल्ली परत केली, तर त्या निर्बंधांचा कायदेशीर आधारच बहुतांशीं नाहींसा होतो. मुदतवाढीचें खरें कारण हेंच आहे.

ही मुदतवाढ कोणत्या नियमानें होते, तें पाहण्यासारखें आहे. फ्रँक चर्च व चार्ल्स मथायस यांच्या अध्यक्षतेखालील सीनेटच्या समितीला १९७३ सालीं असें आढळून आलें कीं, देशांत एकाच वेळीं चार आणीबाण्या अंमलांत आहेत व त्यांतील पहिली तर १९३३ सालची, बँकांच्या संकटाची आहे! त्यांच्या बळावर अध्यक्षास सुमारें ४७० कलमांचे अधिकार मिळत होते. या अव्यवस्थेस आळा घालण्यासाठीं १९७६ चा कायदा झाला. वर्ष भरण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत अध्यक्षानें सरकारी राजपत्रांत सूचना छापून ती काँग्रेसकडे धाडली नाहीं, तर आणीबाणी आपोआप संपावी, असें ठरलें. हेतु उत्तम होता. परंतु एका लहानशा सूचनेनें वर्ष वाढत असेल, तर सूचना काढण्याची संवयच लागते. अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, तरी इराणविषयींची सूचना चुकली नाहीं.

काँग्रेसला आणीबाणी रद्द करण्याचा अधिकार आहे. पण तो आतां बोथट झाला आहे. मूळ कायद्याप्रमाणें दोन्ही सभागृहांचा ठराव पुरेसा होता. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अध्यक्षाच्या सहीवांचून होणारे असे ठराव घटनाबाह्य ठरविले, आणि १९८५ सालीं कायद्यांत तदनुरूप बदल झाला. आतां अध्यक्षानें ठराव नाकारला, तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें मिळवावीं लागतात. २०१९ सालीं दक्षिण सरहद्दीवरील आणीबाणीविरुद्ध ठराव मंजूर झाला, तो अध्यक्ष ट्रम्प यांनीं नाकारला, व तेवढीं मतें कांहीं जमलीं नाहींत.

रशियाचें उदाहरण आणखी बोधप्रद आहे. निवडणुकांत ढवळाढवळ, संगणकांवरील हल्ले इत्यादि कृत्यांसाठीं १५ एप्रिल २०२१ रोजीं अध्यक्ष बायडेन यांनीं रशियन सरकारविरुद्ध आणीबाणी जाहीर केली. पुढें फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनवर स्वारी झाली, तेव्हां याच हुकुमाच्या आधारें मोठमोठ्या रशियन बँकांवर निर्बंध पडले. पाया घातला एका कारणासाठीं, इमारत चढली दुसऱ्यासाठीं. २०२५ सालीं नव्या अध्यक्षांनींहि तिची मुदत वाढविली.

मुदतवाढीच्या बाजूनेंहि सबळ मुद्दा आहे. निर्बंध हें वाटाघाटींतील भांडवल होय. प्रतिपक्षानें कांहींच दिलें नसतां तें केवळ पंचांगाकडे पाहून सोडून देणें शहाणपणाचें नाहीं. परंतु धोका दीर्घकाळचा असेल, तर त्यासाठीं कायमचा कायदा उघड चर्चेनें करतां येतो.

भारतानेंहि हा धडा घेतलेला आहे. चीनच्या आक्रमणामुळें २६ ऑक्टोबर १९६२ रोजीं पुकारलेली आणीबाणी, लढाई महिन्याभरांत थांबूनहि, जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. १९७५ च्या अनुभवानंतर १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें दर सहा महिन्यांनीं संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमतानें संमति आवश्यक केली. अमेरिकेंत आणीबाणी थांबविण्यासाठीं मतें जमवावीं लागतात. भारतांत ती चालविण्यासाठीं. लोकप्रतिनिधींच्या मौनाचा लाभ सत्तेला मिळावा कीं स्वातंत्र्याला, हें या एवढ्याशा फरकानें ठरतें.