फटफटीचा श्वास

पूर्वी मुखेडच्या बाजाराला लोक बैलगाडीने येत. आता गावोगाव मोटारसायकली झाल्या. दुधाचे कॅन तिच्यावर, बियाण्याची थैली तिच्यावर, आजारी माणूसही तिच्यावरच. म्हणून तिच्या पोटात काय चालते, हे आपण थोडेतरी समजून घेतले पाहिजे.

आमच्या पुतण्याची गोष्ट सांगतो. सोयाबीनचे पैसे आले, तशी त्याने जुनी बुलेट घेतली. मूळचा सायलेन्सर काढला आणि मोठ्या आवाजाचा बसवला. हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, तोही बदलून उघडा लावला. आठ दिवस तो गावात मिरवला. पुढे नरसीच्या रस्त्याला गाडी जोरात असताना इंजिन जाम झाले. चाक अडले. पोरगा वाचला, हे नशीब. मिस्त्रीने इंजिन खोलले तर पिस्टन करपलेला. दुरुस्तीत पुढच्या पेरणीचे पैसे गेले.

असे का झाले? तेच आता पाहू.

चुलीला लाकूड लागते, तशी हवाही लागते. इंजिनाचेही तसेच आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हवा आणि पेट्रोल यांचा हा मेळ घालणारे भांडे म्हणजे कार्बोरेटर. त्याला एक अरुंद गळा असतो. इंजिन हवा ओढते, ती या गळ्यातून वेगाने जाते. त्या ओढीने खालच्या वाटीतले पेट्रोल वर येते. ते पितळेच्या एका बारीक भोकातून येते. या भोकाच्या तुकड्याला जेट म्हणतात. भोक केवढे ठेवायचे हे कंपनीने मूळचा फिल्टर आणि मूळचा सायलेन्सर धरून ठरवलेले असते.

आता फिल्टर उघडा केला, सायलेन्सर मोकळा केला. हवेची वाट मोकळी झाली. हवा जास्त येऊ लागली आणि पेट्रोलची ओढ कमी पडली. जेटचे भोक मात्र होते तेवढेच राहिले. परातीत पीठ तेवढेच आणि पाणी दुप्पट, तर भाकर कशी थापायची? हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले, की इंजिन फार तापते. सायलेन्सरात फटफट बार उडतात. पोरांना वाटते, गाडी दमदार झाली. खरे तर ती उपाशी असते.

यावर उपाय म्हणजे जेट बदलणे. जेटवर आकडा असतो. आकडा मोठा तसे भोक मोठे. जाणता मिस्त्री एकदम मोठा जेट टाकत नाही. एक एक पायरी चढतो. आधी मुख्य जेट बसवतो. त्याचे काम गाडी पूर्ण जोरात असताना दिसते. मग सुई पाहतो. सुईला खाचा असतात आणि खाचेत एक क्लिप असते. क्लिप खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. मधल्या वेगात हिचा उपयोग. शेवटी लहान जेट आणि हवेचा स्क्रू. गाडी उभ्याने चालू असते, तेव्हा यांचे काम.

मेळ जमला की नाही, हे प्लग सांगतो. कंदिलाची वात फार वर केली की काच काळी होते ना? तसेच पेट्रोल जास्त झाले की प्लगवर काजळी धरते. प्लग पांढराफटक दिसला तर पेट्रोल कमी आहे. विटकरी-तपकिरी रंग आला, तर मेळ बरोबर. इंजिन निवल्यावरच प्लग काढावा. पेट्रोलचे काम करताना नळ बंद करावा आणि बिडी-काडी दूर ठेवावी. जेटच्या भोकात तार घालू नये. भोक मोठे होते आणि सारा हिशेब चुकतो.

आता आमचे मत. आपला मुलूख धुळीचा. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ हातभर उडते. ती उघड्या फिल्टरातून आत गेली, की सिलिंडर घासून खाते. तेव्हा मूळचा फिल्टर वेळेवर साफ करणे, हेच स्वस्त आणि शहाणपणाचे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कर्कश सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. बाळंतिणीच्या उशाशी, शाळेच्या भिंतीशी असा आवाज कुणाला बरा वाटेल?

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. तेथे पेट्रोलचा हिशेब यंत्रच करते. पण जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

आमच्या पुतण्याने मूळचा सायलेन्सर आणि फिल्टर परत बसवला. आता गाडी आवाज कमी करते आणि काम जास्त करते. माणसाचेही तसेच असावे.

सांगा पाहू :
१. जेट म्हणजे काय?
२. प्लग पांढरा दिसला तर काय समजावे?
३. तुमच्या गाडीचा फिल्टर शेवटी कधी साफ केला?