गाडीच्या डिक्कीत गालिचा

मोटारीच्या मागे सामान ठेवायची पेटी असते. तिला आपण डिक्की म्हणतो. बंडीत तणस अंथरतो, तसे डिक्कीतही काहीतरी अंथरावे लागते. नाहीतर सामान नुसत्या पत्र्यावर घसरते, आपटते, खडखड वाजते. पत्र्याचा रंग खरचटतो. रंग गेला की तिथे गंज धरतो.

आमचे कन्हान नदीकाठी आहे. नदीची रेती आहे, जवळ कोळशाच्या खाणी आहेत. रेती आणि कोळशाची भुकटी पोत्यांबरोबर डिक्कीत येते. ती एकदा ओली झाली की लवकर सुकत नाही.

आमच्या मुलाने एक जुनी मोटार घेतली. सकाळी भाजी नागपूरच्या बाजारात न्यायची, सुटीच्या दिवशी घरच्यांना रामटेकला न्यायचे, असा बेत होता. डिक्कीत अंथरायचे काम आम्ही अंगावर घेतले. घरचे जुने बोरे उसवले, एकावर एक तीन थर घातले आणि कडेने चिकटवून टाकले. खर्च काही नाही. शेजाऱ्यांना बोलावून दाखवले!

दोन पावसाळे गेले. एकदा रामटेकच्या वाटेवर मागे बसलेली नात म्हणाली, "आबाजी, डोकं दुखते." थोड्या वेळाने सूनबाईंनाही मळमळू लागले. आम्हाला वाटले, गाडी लागली असेल. झाडाखाली थांबलो, तर मोकळ्या हवेत दोघींना बरे वाटले. पुन्हा गाडीत बसल्या, पुन्हा तेच.

परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बोरे उपटले. खालचा पत्रा लालभडक झाला होता. त्याने पेचकस टेकवला, तो आरपार गेला. "गुरुजी, हे पाहा जी. वरून बोरा, खालून चाळणी," तो म्हणाला. सायलेन्सरची नळीही सांध्यात फुटली होती. तिचा धूर भोकांतून डिक्कीत आणि तिथून मागच्या बाकाकडे येत होता.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त छातीतून प्राणवायू घेऊन सगळ्या अंगाला पोचवते. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. तरीही माणूस तिथेच बसून राहिला तर बेशुद्ध होतो, जीवही जातो. गाडीत एकापेक्षा जास्त जणांना एकदमच असा त्रास होऊ लागला, तर गाडी थांबवा, सगळे बाहेर निघा आणि दवाखाना गाठा. आम्ही त्या दिवशी तसेच पुढे गेलो. ते चुकले.

म्हणून गालिच्याचे काम खालून सुरू करावे. डिक्की पूर्ण रिकामी करा. स्टेपनीही काढा. स्टेपनीच्या खळग्यात तळाला रबराचे बूच असते, ते जागेवर आहे का पाहा. पत्रा झाडा, पुसा, उन्हात सुकू द्या. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने घासून काढा. मग गंजाला आवरणारा लाल प्रायमर लावा. तो सुकला की रंगाचे दोन हात द्या. पण पत्र्याला भोक असेल तर मिस्त्रीकडून नवा पत्रा जोडून घ्यावा. गालिच्याने भोक झाकले जाते, बुजत नाही.

पाणी कुठून येते हेही शोधले पाहिजे. डिक्कीच्या तोंडाला रबराची पट्टी असते. तिच्यावर खडू घासा, झाकण लावा आणि उघडा. जिथे झाकणाला खडू लागला नाही, तिथे पट्टी टेकत नाही. पाणी तिथून येऊ शकते. आमच्या घरी दुसरे काही नसले तरी खडू असतोच! आत माणूस बसवून झाकण लावायचा खेळ मात्र कोणी करू नये. मुलांना तर डिक्कीत शिरूच देऊ नका.

आता कापड. तागाचा बोरा पाणी धरून ठेवतो आणि कुजतो. सुती सतरंजीचेही तसेच. काथ्याला पाणी लवकर कुजवत नाही, नारळाची सोडणे पाण्यात भिजवूनच काथ्या काढतात. पण तो टोचतो, टमाट्याची साल फाडतो. आम्ही प्लास्टिकच्या धाग्याचा, नमद्यासारखा दाबलेला गालिचा घेतला. त्याचा धागा पाणी पीत नाही, म्हणून तो लवकर सुकतो. पाठीला स्पंज लावलेला मात्र घेऊ नये.

आधी जुन्या वर्तमानपत्राचा साचा करा. कागद तळाशी दाबून कडा मोडा आणि मोडीवर कापा. साचा गालिच्याच्या पाठीवर ठेवायचा तो पालथा. आम्ही उताणा ठेवला आणि कापला. डावीकडचा तुकडा उजवीकडचा झाला! कापताना चारी बाजूंनी दोन बोटे जास्त ठेवा. जास्तीचे मागून कापता येते.

बाजूच्या भिंतींना गालिचा चिकटवावा लागतो. मोची चपलेला लावतात तसले सोल्युशन चालते. पत्र्याला लावा, गालिच्याच्या पाठीला लावा, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. चाकावरच्या फुगीर भागावर घडी पडते, तिथे कातरीने चीर द्यावी. त्या सोल्युशनची वाफ भडकन पेट घेते, डोकेही गरगरवते. झाकण आणि दारे उघडी ठेवा, विडी-काडी दूर ठेवा. दिव्यांच्या तारा झाकून टाकू नका. सी.एन.जी.ची टाकी असेल, तर तिच्या तोंडाजवळ आणि हवेच्या वाटेवर काही अंथरू नका.

तळाचा तुकडा चिकटवायचा नाही. तो नुसता ठेवायचा, म्हणजे हवा तेव्हा उचलता येतो. स्टेपनीही लगेच निघते. पावसाळ्यात आम्ही तो दर आठवड्याला काढून दोरीवर टाकतो आणि खालच्या पत्र्यावरून कोरडा हात फिरवतो. हाताला ओल लागली, की खडू घेऊन पुन्हा पट्टीपाशी.